फिरवायचं बटण

मुरबाडहून म्हशाकडे जाताना, म्हसा यायच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला एक रस्ता आत वळतो. त्या रस्त्यावरच्या गावात सुंदराबाईच्या भाकरीला नाव होतं. तांदळाची भाकरी कोणीही थापतं, पण सुंदराबाईची भाकरी कडेपासून मधोमधपर्यंत एकसारखी पातळ असायची आणि दुपारची उरलेली रात्रीपर्यंत मऊ राहायची. लग्नघरी पन्नास बायका थापायला बसल्या तरी टोपलीतली तिची भाकरी लोक न सांगता उचलायचे. चाळीस वर्षं तिनं तो ओटा सांभाळला. आधी चूल होती, मग रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस. ओटा मात्र तिचाच राहिला.

डोळ्यांचं दुखणं हळूहळू आलं. बाजूनं कोण येतंय ते दिसेना, उंबऱ्याला पाय अडखळू लागला, तेव्हा मुलानं, प्रणितनं, तिला कल्याणला डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. जी नजर गेली ती परत येणार नाही, उरलेली थेंबांवर जपायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उजवा डोळा तर गेलाच होता. डाव्यातून तिला बांगडीतून बघावं तेवढं दिसायचं, तेही धुरकट.

तरी ती रांधत होती. भांडी हाताला ठाऊक होती, मीठ चिमटीला ठाऊक होतं. मग भादव्यात, गौरी यायच्या आधी चार दिवस, तिचा पदर गॅसच्या जाळावर गेला आणि तिला तो दिसलाच नाही. वास आला तोवर नवऱ्यानं, देवरामनं, पाण्याचा हंडाच तिच्या अंगावर ओतला. हाताला चटका बसला, साडीचा एक तुकडा गेला, बाकी निभावलं.

त्या दिवसानंतर तिला कोणी रागावलं नाही. कोणी रागावलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. सून दामिनी पहाटे पाचला उठून सगळ्यांचं जेवण करून ठेवू लागली आणि आठच्या बसनं मुरबाडच्या कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. प्रणित कामावर निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जायचा. तो आवाज न करता करायचा, पण सुंदराबाईच्या कानाला ती कट्कन झालेली हालचाल कळायची. ती ओटीवर बसून वाल सोलायची, तांदूळ पाखडायची. दुपारी देवराम शेतावरून आला की दोघं डब्यातला गार भात खायची. देवराम म्हणायचा, गारच बरा लागतो उन्हात. चाळीस वर्षांत त्यानं गार भाताला कधी बरं म्हटलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला दामिनीनंच विषय काढला. तिच्या कंपनीतल्या कुणालीकडे विजेची शेगडी होती. तिला जाळ नसतो, पदर पेटायचा प्रश्न नाही. प्रणितला ते पटलं आणि त्यानं त्याच रात्री मोबाइलवरून एक मागवली. चार दिवसांत खोकं घरी आलं. शेगडी काळ्या काचेची, आरशासारखी गुळगुळीत, बघणाऱ्याला फारच देखणी. प्रणितनं आईचा हात धरून सगळं समजावलं. इथं दाबायचं, इथं वाढवायचं, इथं कमी करायचं.

सुंदराबाईनं बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. काच इथंही तशीच, तिथंही तशीच. चालू केलं तरी टी वाजायचं, बंद केलं तरी टी, वाढवलं तरी टी. एकदा ओल्या बोटानं दाबलं तर शेगडीनं दाद दिली नाही, आणि एकदा नुसता तळवा घासला गेला तर कुठलं तरी बटण आपोआप लागलं. मुलानं हौसेनं आणलेली वस्तू, म्हणून तिनं चांगली आहे असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला हात लावला नाही.

आठ दिवसांनी दामिनीच्या लक्षात आलं. शेगडीवर बोटाचा एक ठसा नव्हता. तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही, रविवारी दुपारी सासूजवळ येऊन बसली.

“आई, ती शेगडी तुमाला नको ना?”

सुंदराबाईनं वालाची टोपली बाजूला सारली. “प्रणितला बोलू नको. पण त्या काचेवर मला काय सापडत नाय गो. भिंतीवर हात फिरवावा तसं होतं.”

दामिनीनं त्यावर दोन दिवस विचार केला. शेगडी परत पाठवायला अजून मुदत होती, ती तिनं पाठवली. प्रणितला इतकंच सांगितलं की आईच्या कामाची नव्हती. तो जरा हिरमुसला. मग त्यानंच विचारलं, आईच्या कामाची कुठली? ते दामिनीलाही माहीत नव्हतं. पण एक गोष्ट तिला कळली होती, की ही वस्तू मोबाइलवर चित्र बघून घ्यायची नाही. जिला वापरायची तिच्या हाताखालून ती जायला हवी.

दामिनीचं माहेर शहापूरजवळ. तिचा भाऊ पंकज वायरमन, शहापूर आणि आसनगावच्या नव्या इमारतींत त्याची कामं चालायची. त्यानं सांगितलं की बाजारपेठेत एक दुकान आहे, तिथली हेतल गिऱ्हाइकाला घाई करत नाही. भातकापणी उरकली, झोडणी झाली, आणि कार्तिक सरता सरता एका सोमवारी दामिनीनं सुट्टी काढली. सासू-सुना मुरबाडहून किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीनं शहापूरला गेल्या. सुंदराबाईनं जाताना नवी साडी नेसली होती आणि पिशवीत, दामिनीला न सांगता, आपला लोखंडी तवा घेतला होता.

हेतल तिशीची होती, वडिलांच्या पश्चात दुकान तीच बघायची. तिनंही पहिल्यांदा काचेचीच शेगडी पुढे केली, कारण खपत तीच होती. दामिनीनं अडचण सांगितली तेव्हा हेतल जरा ओशाळली. मग तिनं दुकानातल्या पोराला हाक न मारता स्वतः माळ्यावर चढून तीन-चार खोकी खाली आणली आणि एकेक वस्तू उघडी करून सुंदराबाईच्या पुढ्यात काउंटरवर मांडली.

पहिली होती लोखंडी तबकडीची शेगडी. तिला फिरवायचं बटण होतं, तेही जाड, मुठीत मावणारं. सुंदराबाईला ते लगेच आवडलं. हेतलनं ती प्लगला लावली, तापवली आणि बंद केली. थोड्या वेळानं सुंदराबाईनं हात वर धरून पाहिला आणि मागे घेतला. बंद करून बराच वेळ झाला तरी तबकडी धगधगत होती. ती तापलेली आहे हे सांगायला एक लाल दिवा होता, पण तो दिवा सुंदराबाईच्या काय कामाचा? तिनं ती बाजूला सारली.

दुसरीत काचेखाली लालभडक जाळी तापायची. हेतल म्हणाली की हिच्यावर कुठलंही भांडं चालतं, मातीचंसुद्धा. पण तिची बटणं पुन्हा काचेतच होती.

तिसरी इंडक्शन होती, म्हणजे फक्त लोखंडी बुडाचं भांडं तापवणारी, आणि तिला फिरवायचं बटण होतं. दामिनीला वाटलं, झालं काम. सुंदराबाईनं बटण उजवीकडे फिरवलं. फिरवत राहिली. ते फिरतच राहिलं, कुठं अडेना.

“याला सुरवातच नाय,” ती म्हणाली. “आकडे बघणाऱ्याचं हाय हे. मी कुठं उभी हाय ते मला कसं कळणार?”

हेतलनं ते बटण स्वतः डोळे मिटून फिरवून पाहिलं. इतकी वर्षं ती हे विकत होती, पण त्याला सुरुवात नाही हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मग तिला आठवलं की हायवेवरच्या चहावाल्यांसाठी ती एक शेगडी मागवते. घरच्या माणसांना ती दाखवतच नाही, कारण दिसायला ओबडधोबड आणि वजनाला जड. तिनं ती गोदामातून आणवली. हीही इंडक्शनच, पण स्टीलचं अंग, वर जाड काच, आणि पुढे मक्याच्या कणसाच्या बुडख्याएवढं एकच बटण. बटणाला एका बाजूला नाकासारखी धार होती. अगदी डावीकडे नेलं की टक् करून अडायचं, ते बंद. तिथून उजवीकडे फिरवत गेलं की आच वाढायची आणि पुरी झाली की पुन्हा अडायचं.

सुंदराबाईनं ते आठ-दहा वेळा फिरवलं. बंद, मंद, मोठी, बंद. मग तिनं पिशवीतून तवा काढून शेगडीवर ठेवला. दामिनी बघतच राहिली. हेतल हसली आणि तिनं शेगडी चालू केली. तवा घुं करून बोलला. सुंदराबाईनं पाण्याचे चार थेंब टाकले, ते तडतडले. तिनं तवा उचलला, तर घुं थांबलं आणि शेगडीनं टीं टीं करून भांडं नसल्याचं सांगितलं.

“ही बोलते,” सुंदराबाई म्हणाली. “ही द्या.”

निघताना हेतलनं तिच्या हातात एक लोहचुंबक दिलं. ज्या भांड्याच्या बुडाला हे चिकटेल ते या शेगडीवर चालेल, नाही चिकटलं तर नाही. एसटीत सुंदराबाई ते चुंबक मुठीत धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं घरातली सगळी भांडी मांडणीवरून उतरवली आणि ओटीवर पसरून एकेकाला चुंबक लावत गेली. ॲल्युमिनियमचा मोठा टोप गेला, पितळी पातेलं गेलं. लग्नात आलेलं एक स्टीलचं पातेलं चिकटेल असं वाटलं होतं, ते चिकटलं नाही. उलट देवरामनं कधी तरी म्हशाच्या जत्रेतून आणलेली, वर्षानुवर्षं अडगळीत पडलेली लोखंडी कढई अशी चिकटली की चुंबक ओढून काढावं लागलं. मातीची खापरीही बाद झाली, त्याचं तिला वाईट वाटलं. ती तिनं पुसून पुन्हा जागेवर ठेवली.

पंकज पुढच्या रविवारी येऊन गेला. ही शेगडी साध्या प्लगवर चालवू नका, वायर तापेल, असं त्यानं बजावलं आणि मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून ओट्याजवळ पॉवरचा प्लग बसवला. संध्याकाळी गावात लाइट कमी दाबानं येते, तेव्हा हिचा हट्ट धरायचा नाही, सकाळी आणि दुपारी वापरायची, हेही सांगितलं. मग त्यानं थोडं एमसील मळून बटणाच्या भोवती दोन ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके चिकटवले, एक मंद आचेला, एक मोठ्या. तिसरा लावू का म्हणून विचारलं. सुंदराबाई म्हणाली, मधलं माझं मी बघीन.

शेगडी बसली. पण घरात एक नवी गोष्ट सुरू झाली. सुंदराबाई ओट्याशी उभी राहिली की कोणी ना कोणी काही तरी निमित्त काढून तिथं यायचं. प्रणितला एकाएकी घरात पाणी प्यावंसं वाटायचं. दामिनी सकाळी आपलं आवरतानाही एक कान तिकडे ठेवायची. आणि दुपारी, सगळे कामावर गेल्यावर, देवराम शेतावरून लवकर येऊ लागला.

तिसऱ्या दिवशी सुंदराबाई उकड काढत होती. टोपातलं पाणी उकळलं, तिनं पीठ घातलं, बटण टक् करून बंद केलं आणि झाकण ठेवलं. मग मान न वळवता विचारलं, “कधीपासून उभे हाव?”

देवराम दारात होता. आल्यापासून त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला होता. पण त्यानं नुकताच तंबाखू मळला होता.

“पाणी प्यायला आलतो,” तो म्हणाला.

“हंडा ओटीवर हाय.”

मग देवरामनं खरं सांगून टाकलं. प्रणितनं त्याला सांगितलं होतं, बाबा, दुपारी आईजवळ थांबा, पण तिला कळू देऊ नका. सुंदराबाईला राग आला नाही. तिनं हात पुसले आणि नवऱ्याकडे तोंड केलं.

“तुमी मला भाजताना बघितलंत, तुमचा जीव राहत नसंल. पण असं मागं कोण उभं राहिलं ना, की माझं ध्यान हातात राहत नाय, तुमच्याकडं जातं. मग खरंच भाजंल. तुमी अंगणात बसा. काय लागलं तर मी हाक मारीन.”

देवराम अंगणात जाऊन बसला. तिथून पेंढ्याची उडवी नीट लावायची राहिली होती ती त्याला दिसली आणि तो कामाला लागला. अर्ध्या तासानं खरंच हाक आली, पण ती जेवायला होती.

पहिल्या भाकऱ्या मात्र बिघडल्या. शेगडी तव्याच्या मध्यावरच तापायची, कडा गार राहायच्या. भाकरी मधे करपली आणि कडेला कच्ची राहिली. देवरामनं आपल्या वाटची खाल्ली. सुंदराबाईनं तिची खाल्ली नाही, म्हशीपुढे टाकली. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी लहान थापली. तवा आधी मंद आचेवर बराच वेळ तापू दिला, म्हणजे कडांनाही ऊब पोचली. पाणी लावलेली बाजू सुकल्याचा वास आला की उलटायची, आणि मग ती चार वेळा चार दिशांना फिरवायची. जाळ नव्हता, त्यामुळे शेवटी भाकरी त्यावर धरून फुगवता येत नव्हती. तिनं ओलं फडकं घडी करून कडेनं दाबत नेलं. पाचव्या दिवशी फडक्याखाली भाकरी हलकेच वर उचलली गेली आणि पोटातली वाफ एका बाजूनं फुस् करून निघाली. त्या दुपारी तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि देवरामनं पाच.

मार्गशीर्षात एकदा दूध उतू गेलं. घरात ती एकटीच होती. शेजारची कमळ वाळत घातलेल्या वालांचं काही विचारायला दाराशी आली, सुंदराबाई तिच्याशी बोलायला गेली आणि दूध विसरली. आधी वास आला, मग चर्र आवाज. ती घाई न करता, भिंतीला हात लावत आत आली, ओट्याची कड धरली, बटण सापडलं, टक् होईपर्यंत डावीकडे नेलं. दूध काचेवर पसरलं होतं, खाली ओघळत होतं. ते पुसायची तिनं थोडी घाई केली आणि पातेल्यामुळे तापलेली काच बोटाला लागली. बोटाच्या टोकाला फोड आला.

कमळ म्हणाली, मी पुसून देते, घरात कोणाला सांगायची गरज नाही. सुंदराबाईनं तिच्याकडून पुसून घेतलं. पण संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, दूध कसं उतू गेलं, बोट कसं पोळलं, सगळं.

प्रणितचा घास हातात राहिला. तो काही बोलणार होता, ते काय असणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याच्याआधी दामिनीनं विचारलं, “मग तुमी काय केलंत?”

“आधी बटण बंद केलं. मग पातेलं बाजूला घेतलं. काच जरा थंड होऊ द्यायला पायजे होती, ते चुकलं.”

“बाकी बरोबर केलंत,” दामिनी म्हणाली आणि नवऱ्याच्या ताटात आमटी वाढली. “मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं, तरी या महिन्यात दोनदा दूध गेलंय माझ्याकडून.”

प्रणितनं आईचं बोट हातात घेऊन पाहिलं. फोड लहान होता. त्यानं बोट सोडलं आणि जेवू लागला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यानं रेग्युलेटर बंद केला नाही. तो विसरला होता की मुद्दाम, हे सुंदराबाईनं विचारलं नाही. गॅसकडे ती आपणहून जात नव्हती, जायचं कारणही उरलं नव्हतं.

पौषात म्हशाची जत्रा भरली तशी पाहुण्यांची रीघ लागली. देवरामची थोरली बहीण बाईजा भिवंडीकडून आली. ती सत्तरीची, बोलायला तिखट. आल्या आल्या तिनं देवरामला बाजूला घेऊन झापलं, की डोळ्यानं अधू बाईच्या हाती वीज देता, तुमची डोकी ठिकाणावर आहेत का. देवराम म्हणाला, तू आत जाऊन बस आणि बघ.

बाईजा आत जाऊन पाटावर बसली. पाठीमागे कोणी बसलेलं सुंदराबाईला आता चालायचं, कारण आता ध्यान ढळत नव्हतं. तिनं काठवटीत उकड मळली, गोळा केला, थापला, तव्यावर टाकला, पाणी फिरवलं. बाईजा तिच्या हातांकडे बघत राहिली. भाकरी फुगली. सुंदराबाईनं ती बाईजाच्या ताटात टाकली आणि वर सुक्या जवळ्याची चटणी वाढली. बाईजानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. विजेवरच्या जेवणाला चव नसते असं ती गेली पाच वर्षं सांगत आली होती. ते तिनं परत घेतलं नाही, पण दुसरी भाकरी मागून घेतली.

खाता खाता ती आपल्या घरचं सांगू लागली. नातसुनेनं विजेची भट्टी घेतलीय, छोट्या पेटीएवढी, ओव्हन म्हणतात तिला. त्यात ती रविवारी नानकटाई भाजते, एका वेळी पंचवीस-तीस. तुपाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

सुंदराबाईचा हात थांबला. पुढच्या भाकरीचा गोळा हातात तसाच होता.

“आक्का,” तिनं विचारलं, “तिची बटणं कशी हायत? फिरवायची का चपटी?”

बाईजाला ते सांगता येईना. तिनं कधी निरखून पाहिलं नव्हतं. तेव्हा सुंदराबाईनं बाहेर हाक मारून दामिनीला सांगितलं की जरा आक्काच्या घरी फोन लाव, आणि गोळा दोन्ही तळव्यांत धरून ती पुढची भाकरी थापू लागली.